'जरा बघ की' आणि इतर अडचणी

प्रश्न : वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ऊस बिल विभागात काम करतो. एक्सेल बरं येतं म्हणून जो तो 'जरा बघ की' म्हणत येतो. हंगामात माझंच काम रात्री आठपर्यंत लांबतं. नाही म्हटलं की 'लई शहाणा झालास' हे ठरलेलं. काय करू?

उत्तर : आधी 'जरा' म्हणजे किती ते मोजा. एक पंधरवडा खिशात वही ठेवा आणि कोण आलं, काय हवं होतं, किती मिनिटं गेली एवढंच लिहा. बिलाच्या कामात उशीर चालत नाही. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर थकबाकीवर वर्षाला १५ टक्के व्याज, असा नियमच आहे. तुमची सांज दुसऱ्याच्या कामात गेली तर शेवटी ताटकळतो तो शेतकरी.

वजनकाट्याची फाइल अडून ट्रॉल्यांची रांग लागली असेल तर हातातलं टाकून उठा, तिथं हिशेब नको. पण दर सोमवारी तोच माणूस तेच सूत्र विचारत असेल, तर माउस त्याच्याच हातात राहू द्या, तुम्ही नुसतं बोट दाखवा. पहिल्यांदा वीस मिनिटं जातील. इथंच बहुतेक जण चुकतात. घाईत 'सरक, मी करतो' म्हणतात आणि पुढच्या सोमवारी तो परत हजर! कुणी आपलं काम सरळ तुमच्या टेबलावर सरकवत असेल तर त्याला नकार देण्यापेक्षा वेळ द्या : "आज बिलं चढवायची आहेत. साडेचारला पंधरा मिनिटं बसू, तोवर सभासद नंबर तपासून ठेवा." टोमणा आला तर ऐकून सोडा, पण साडेचारला स्वतःहून जा. वेळ पाळली नाही तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला कोण विचारणार?

पंधरवड्यानं वही साहेबांना दाखवा. तक्रार नको, 'हे काम कुणाच्या नावावर लावायचं?' एवढं विचारा. अमेरिकेतले अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये अशा जादा मदतीची व्याख्या केली, तेव्हा ती मनानं केलेली असावी ही अट घातली होती. टोमण्याच्या धाकानं केलेल्या कामाला आपल्याकडे वेठ म्हणतात.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. एक चांगला ऑपरेटर आठ दिवस चिडचिड करतोय, रिजेक्शनही (तपासणीत नापास होणारे भाग) वाढलंय. चहाच्या वेळी 'घरी काही टेन्शन आहे का?' विचारलं तर भडकलाच.

उत्तर : चारचौघांत विचारलेली काळजी चौकशीसारखी लागते. पाळी सुटल्यावर पार्किंगकडे चालता चालता बोला. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, माणूस सैल होतो. 'तुझं लक्ष नाही' न म्हणता दिसलं ते सांगा, म्हणजे भागातल्या भोकाचं (बोअरचं) माप : "मंगळवारपासून बोअर ०.०२ मिलिमीटर मोठा येतोय." मग गप्प राहा, दहा सेकंद जड गेली तरी.

आणि घरचंच कारण धरून बसू नका. रात्रपाळीवाल्यानं ऑफसेट (मशीनमधलं हत्याराच्या मापाचं सेटिंग) बदलला, लॉगबुकात लिहिलं नाही आणि रिजेक्शन सकाळच्या माणसाच्या नावावर पडलं, तर तो चिडणारच. तिथं समजूत काढून भागत नाही. पाळी बदलताना दोघांना दहा मिनिटं मशीनपाशी उभं करा, पहिला जॉब (तयार झालेला भाग) दोघांदेखत मोजा.

प्रश्न : साताऱ्यात आमचं छोटं ऑफिस आहे. भरतीत भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी घ्यावी का?

उत्तर : 'मी इतरांच्या भावना ओळखतो, १ ते ५ गुण द्या' अशी असेल तर नको. उमेदवाराचं स्वतःविषयी काय मत आहे, तेवढंच तिच्यातून कळतं. त्याऐवजी सहकाऱ्याचं काम अडलं होतं तेव्हा काय केलंत ते विचारा. 'लगेच करून टाकलं' म्हणणाऱ्यापेक्षा 'कुठं अडलंय ते आधी विचारलं' म्हणणाऱ्याला आम्ही जास्त गुण देऊ.