बायकोच्या मागून जर्मनीला निघालेल्या बापासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बायको जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स, जर्मन भाषेची बी-२ पातळीची परीक्षा झाली की बाडेन-व्युर्टेमबर्गमधल्या हॉस्पिटलात रुजू होणार. काही महिन्यांनी तुम्ही दोन मुलांना घेऊन तिच्या मागून जाणार. तुम्ही मालवणला बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळता, फ्रीज-एसीचा आयटीआय झालाय. कुणीतरी सांगितलंय की ‘तिकडे बापांना फुकट ट्रेनिंग देऊन नोकरीला लावतात’, तर ते खरं का, आणि तिकडे एकटेपणा येतो का.

व्हिसा, पगार, विमा यांबद्दल मी लिहीत नाही, ते दूतावास आणि एजन्सी नीट सांगतात. पण ‘बापांना’ हा तुमचा शब्द वाचला आणि दोन दिवस डोक्यातून गेला नाही. मी रत्नागिरीचा. मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं खोलायचो. माझीही बायको नर्स, तीच आधी आली, आणि मी मुलग्याला घेऊन मागून आलो.

आधी सरळ उत्तर. खास बापांसाठी म्हणून कामाचं प्रशिक्षण, नोकरी शोधायला मदत आणि मूल वाढवण्याचे वर्ग असं एकत्र देणारे कार्यक्रम अमेरिकेत आहेत. तिथलं केंद्र सरकार २००६ पासून त्यासाठी पैसे देतं, आणि त्यांचा भर पोटगी थकलेल्या, मुलांपासून तुटलेल्या बापांवर जास्त असतो. तुम्हाला कुणी सांगितलं ते बहुधा तिकडचं. जर्मनीत बापांची वेगळी खिडकी नाही. जे आहे ते कामाच्या शोधात असलेल्या सगळ्यांसाठी आहे, आणि आईबापांसाठी त्यात सोयी आहेत. ते फुकट आहे का? बरंचसं आहे. पण आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं.

नोकरी कार्यालयात, म्हणजे आगेंटूर फ्युअर आर्बाइटमध्ये, जाऊन ‘काम शोधतोय’ अशी नोंद करा. जोडीदाराच्या मागून आलेल्याला इथे कुठलंही काम करायची परवानगी असते. मी तिकडे फार उशिरापर्यंत फिरकलो नाही, कारण आमच्या इमारतीतल्या एका देशबांधवाने सांगितलं की सरकारी दारात गेलास तर व्हिसा जाईल. तसं नाही. सरकारकडून घर चालवायला पैसे घेणं वेगळं, त्याचा व्हिसावर परिणाम होऊ शकतो. नोंद करणं, सल्ला घेणं यात तसलं काही नाही.

तिथल्या माणसाला पटलं की या शिक्षणाने तुम्हाला काम मिळेल, तर तो बिल्डुंग्सगुटशाइन देऊ शकतो. हे प्रशिक्षणाचं व्हाउचर. त्यात कोर्सची फी येते, जाण्यायेण्याचा खर्च येतो आणि मूल सांभाळायला ठेवण्याचा खर्चही येतो, दर मुलामागे महिन्याला १६० युरो. हे व्हाउचर मिळावंच असा तुमचा हक्क नाही, तिथल्या माणसाच्या मर्जीचा भाग मोठा आहे. म्हणून तोंडी बोलू नका, कुठल्या कारखान्यांना कसली माणसं हवीत याच्या जाहिराती छापून घेऊन जा. दुसरं व्हाउचर अर्ज, मुलाखत यांच्या तयारीसाठी असतं, त्यात एक माणूस तुमच्याबरोबर बसून सगळं करून घेतो. आणि प्रत्येक कार्यालयात समान संधीसाठी एक अधिकारी नेमलेली असते. घर आणि नोकरी जुळवण्याचे प्रश्न तिच्याकडे न्यायचे. मला वाटायचं ती फक्त बायकांसाठी आहे. कायद्याने ती पुरुषांसाठीही आहे. तिच्यासमोर मी पहिल्यांदा सांगितलं की माझी बायको रात्रपाळी करते, सकाळी मुलाला मी सोडतो, दुपारी मी आणतो, म्हणून मला पूर्णवेळ कोर्स जमणार नाही. तिने मान हलवली आणि अर्धवेळ कोर्सची यादी काढली. एवढंच. माझा मात्र घसा दाटून आला होता.

ते का, हे तुम्हाला कोकणातला म्हणून कळेल. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. आमच्या वाडीत बाप म्हणजे मनिऑर्डर, बाप म्हणजे एसटी स्टँडवरची पत्र्याची ट्रंक. घर, शेती, म्हातारी माणसं, पोरं, सगळं आईने ओढलं आणि त्याला कोणी काम म्हटलं नाही. आता मी आईच्या जागी आहे आणि माझी बायको वडिलांच्या. मला माझ्या मुलाचा प्रत्येक दात कधी पडला ते माहीत आहे, माझ्या वडिलांना माझा एकही माहीत नव्हता. तरीही आईचा फोन आला की पहिला प्रश्न, “अजून घरीच हायस काय?” आणि मी गप्प होतो. कमावत नव्हतो तो काळ संपला, पण ते गप्प होणं अजून गेलेलं नाही. तुम्हालाही हे होईल. बायकोशी आधी बोलून ठेवा. पैशांबद्दल नव्हे, या गोष्टीबद्दल.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. बाहेर पडा, भाषा शिका, फुटबॉलच्या मैदानावर इतर बापांशेजारी उभे राहा. जमतं.

कागदांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथेच माझी खरी वर्षं गेली. तुमच्या शिक्षणाची इथल्या शिक्षणाशी तुलना करून घ्यावी लागते. धंदा कारागिरीचा असेल तर कारागिरांच्या चेंबरकडे, म्हणजे त्यांच्या अधिकृत मंडळाकडे, उद्योगातला असेल तर उद्योगांच्या चेंबरांचं न्युर्नबर्गला जे कार्यालय आहे त्याकडे. कुठे जायचं हे ‘आयक्यू नेटवर्क’ची सल्ला केंद्रं फुकट सांगतात, अर्ज करण्याआधी तिथेच जा. सगळे कागद पोचल्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा नियम आहे. पण ‘सगळे’ पोचेचनात! आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर. मुलाच्या नावात मधे माझं नाव, माझ्या नावात मधे वडिलांचं, बायकोच्या नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर तिच्या वडिलांचं आणि पासपोर्टवर माझं. एका कार्यालयातल्या बाईंनी तीनदा विचारलं की ही नक्की एकाच कुटुंबाची माणसं आहेत का. बायकोचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला तिकडूनच घेऊन या.

माझा डिझेल मेकॅनिकचा आयटीआय एक वर्षाचा, इथलं तशा कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. मधलं अंतर अनुभवाने भरून निघू शकतं, पण अनुभव कागदावर हवा. मिरकरवाड्याच्या जेटीवर कुठला मालक कागद देतो? बोट शाकारायच्या आधी इंजिन उतरव, पैसे घे, संपलं. इतक्या वर्षांचं काम आणि हातात एक चिठ्ठी नाही. मग कळलं की ज्याचे कागद अपुरे त्याला काम करून दाखवायची सोय कायद्यातच आहे. चेंबरच्या वर्कशॉपमध्ये एका उस्तादाने माझ्यासमोर इंजिन ठेवलं आणि बाजूला बसून लिहीत राहिला. इंजेक्टर खोलताना माझे हात इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांत झाले. अर्धी मान्यता मिळाली, उरलेलं व्हाउचरवर शिकलो, आज ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये आहे.

एक गोष्ट उरली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाट वेगळी होते. काही गिम्नाझियममध्ये, जिथून सरळ विद्यापीठ, बाकी इतर शाळांत. शिक्षक शिफारस देतात. माझा मुलगा तिसरीत आला, आधी भाषेच्या वर्गात बसवला. गणितात पुढे, पण गणित जर्मन वाक्यांत गुंफलेलं असायचं. चौथीच्या मध्यावर शिक्षिकेने सगळ्यात खालच्या शाळेची शिफारस हातात ठेवली, प्रेमाने, चहा देऊन. मी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायला लागतात तेवढे शब्दही माझ्याकडे नव्हते. ही वाट पुढे बदलता येते, तो आता वर चढतोय, चांगला चढतोय. तरी तो चहा मला आठवतो आणि राग येतो. तुमचा थोरला किती वर्षांचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठच्या पुढे असेल तर त्याचं जर्मन तुमच्या जर्मनइतकंच आजपासून सुरू करा, आणि पालकसभेला तुम्ही स्वतः जा. बायको पाळीवर असेल. तिथे बसणारा बाप तुम्हीच आहात, आणि तेवढं जर्मन हेच तुमचं पहिलं फुकट ट्रेनिंग समजा.

तुमच्या कामाला इथे मागणी आहे. थंड करणाऱ्या यंत्रांचा मेकॅट्रॉनिकर, म्हणजे यंत्र आणि वीज दोन्ही सांभाळणारा कारागीर, हा साडेतीन वर्षं शिकायचा धंदा आहे आणि माणसं मिळत नाहीत. तुमचा आयटीआय दोन वर्षांचा, त्यात अमोनियाच्या प्लांटवरचा हात. पण कारखान्याच्या मालकाकडून लेटरहेडवर लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, कुठला कॉम्प्रेसर, गॅस कुठला, कुठल्या दुरुस्त्या एकट्याने केल्या. ‘चांगला माणूस आहे’ एवढं लिहून भागत नाही. आधी कुठे काम केलं असेल तर तिथूनही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बर्फाचा उठाव नसतो, मालक जागेवर असतात. सह्या-शिक्के तेव्हाच उरका. बोटी एकदा समुद्रात गेल्या की त्यांना तुमच्यासाठी वेळ होणार नाही.