साइटच्या सगळ्या पानांवर ट्रॅकिंग (कोण कुठलं पान बघतंय ते मोजणं) एकदमच लावायचंय, गूगलच्या टॅग मॅनेजरनं होतंय काय?
होतंय की, प्रत्येक पानात कोड चिकटवत बसू नका. गूगल टॅग मॅनेजर कोडचे दोन तुकडे देतंय, एक पानाच्या कोडातल्या हेड भागात जमेल तितका वर, दुसरा बॉडी भाग उघडल्या उघडल्या, ते सगळ्या पानांना लागणाऱ्या हेडर फाइलमध्ये एकदाच टाका, मग टॅग मॅनेजरच्या आत गूगल टॅग करून अ‍ॅनालिटिक्सचा (भेटी मोजणाऱ्या गूगलच्या सेवेचा) 'जी-'नं सुरू होणारा आयडी द्या, ट्रिगर, म्हणजे टॅग कधी चालवायचा ते, 'इनिशियलायझेशन - ऑल पेजेस'. पानांत आधीच चिकटवलेला अ‍ॅनालिटिक्सचा जुना कोड असला तर काढा, नाहीतर एकाच पानाची भेट दोनदा मोजली जाते. मी बेळगावच्या शहापुरातल्या एका कुंद्याच्या (तिथल्या मिठाईच्या) दुकानाची साइट केलेली, अ‍ॅनालिटिक्समध्ये मराठी पानं दिसायची आणि कन्नड पानं शून्य, दोन दिवस डोकं खाजवलं, बघतो तर कन्नडचं हेडरच वेगळं! तुमची साइटही दोन भाषांत असली तर टॅग मॅनेजरच्या प्रीव्ह्यूत दोन्ही भाषांची पानं उघडून टॅग चालतोय का बघा, आणि शेवटी सबमिट दाबा, त्याशिवाय काहीच लाइव्ह जात नाही.