वारसा कर आला नाही, तुम्ही मात्र घर देऊन बसलात

रिटर्नची धावपळ ओसरली की आमच्या दादरच्या ऑफिसात वेगळी मंडळी यायला लागतात. यांना कर भरायचा नसतो, कराची नुसती धास्ती असते. या वेळच्या पत्रांतही तेच आहे. गरीब-श्रीमंत दरी, संपत्ती कर, वारसा कर हे शब्द सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच पोचलेले दिसतात. जमतील तेवढी उत्तरं देतो. पण तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : माझे दोन फ्लॅट आहेत आणि थोडं सोनं. संपत्ती कर किती लागेल? (बोरिवली)

शून्य. तो कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. दुसरा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाड्यावर आयकर आहे, त्याची चौकशी करा.

प्रश्न : मुलगा म्हणतो, श्रीमंतांवर कर लावला की विकास थांबतो. सून म्हणते, दरी वाढली की विकास थांबतो. रोज जेवताना वाद. कोण बरोबर? (मुलुंड)

दोघंही अर्धे बरोबर आहेत. मुलाच्या बाजूने सांगायचं तर 1973-74 मध्ये आपल्याकडे आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह 97.75 टक्के होता. वर संपत्ती कर, म्हणजे काही जणांचा कर उत्पन्नाच्याही पुढे जायचा. असा कर कोण भरतो? काळा पैसा त्याच काळात फोफावला. पुढे दर टप्प्याटप्प्याने उतरले आणि 1997 मध्ये 30 टक्क्यांवर आले.

आता सुनेची बाजू. सायमन कुझ्नेट्स या अर्थतज्ज्ञाने 1955 मध्ये मांडलं होतं की, देश वाढायला लागला की विषमता आधी वाढते आणि मग आपोआप उतरते. ती उतरण्याची वाट बरेच देश अजून पाहत आहेत. दुसरं म्हणजे कर कशावर लागतो, ते बघा. नोकरदाराच्या पगारावर वरचा दर 30 टक्के. शेअर वर्षभर ठेवून विकले, तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. ज्याची कमाई कष्टातून येते त्याला जास्त दर आणि ज्याची मालमत्तेतून येते त्याला कमी. याने गुंतवणूक वाढते असं म्हणणारे आहेत, दरी वाढते असं म्हणणारेही आहेत. जेवताना दराचा आकडा सोडा आणि कर कोणत्या कमाईवर, यावर भांडा.

प्रश्न : भारत हा जगातला चौथा सर्वांत समान देश आहे, असा मेसेज आला. मग एवढी ओरड कशाला? (ठाणे)

फॉरवर्ड करण्याआधी मोजमाप कशाचं आहे ते पाहायचं असतं. जागतिक बँकेचा तो आकडा खर्चाच्या विषमतेचा आहे (शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे सगळं एकाकडेच): 2011-12 मध्ये 28.8, 2022-23 मध्ये 25.5. खर्च म्हणजे डाळ, तेल, रिक्षा, मोबाइलचं रिचार्ज. तुमच्या बिल्डिंगमधला लिफ्टमन आणि पेंटहाऊसवाला यांच्या चहा-पोळीत शंभर पटींचा फरक पडत नाही. पेंटहाऊसवाल्याचे जे पैसे खर्च न होता फंडात आणि जमिनीत जातात, ते या मोजमापात दिसतच नाहीत. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या मार्च 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा 22.6 टक्के आणि संपत्तीचा 40.1 टक्के वाटा होता. त्या आकड्यांवरही वाद आहेत, पण निदान ते संपत्तीबद्दल बोलतात.

प्रश्न : माझं उत्पन्न बारा लाखांच्या आत, म्हणजे मी करदाता नाही. बरोबर ना? (डोंबिवली)

चूक. नव्या प्रणालीत पगाराच्या उत्पन्नावर आयकर शून्य होत असेल, पण रिटर्नचं काय ते विचारून घ्या. शिवाय सकाळी टूथपेस्ट उघडलीत की कर भरलात. सप्टेंबर 2025 मध्ये तिच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, हे चांगलं झालं. पण तो 5 टक्के टॉवरमधल्या मालकालाही तेवढाच आणि तिथे झाडू मारणाऱ्या बाईलाही तेवढाच. पगाराच्या मानाने कुणाला जड जातो, ते सांगायला सीए लागत नाही.

प्रश्न : वारसा कर येणार असं सगळे म्हणतात. त्याआधी परळचा फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकू का? आम्ही दोघं सत्तरीचे. (परळ)

हा प्रश्न मला आठवड्याला दोनदा येतो. घाईत असाल तर एवढंच: करू नका. वेळ असेल तर पुढचं वाचा.

आज भारतात वारसा कर नाही. पूर्वी होता. 1953 मध्ये इस्टेट ड्युटी आली, वरचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला, आणि 1985 मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती रद्द केली. कारण काय, तर वर्षाला जेमतेम 20 कोटींच्या आसपास वसुली, आणि ती करण्याचा खर्च व खटले त्या मानाने भारी. ज्यांची इस्टेट खरोखर मोठी, त्यांनी वाटा आधीच शोधल्या होत्या. संपत्ती कराचंही तेच झालं. त्यात रिकामा फ्लॅट, गाडी, दागिने धरायचे आणि शेअर, म्युच्युअल फंड वगळायचे! श्रीमंत माणसाची संपत्ती असते कुठे? 2013-14 मध्ये देशभरातून 1,008 कोटी आले. तो काढून एक कोटीवरच्या उत्पन्नावर 2 टक्के जादा अधिभार लावला, त्यातून 9,000 कोटींची अपेक्षा धरली होती.

समजा, उद्या वारसा कर पुन्हा आलाच. जगात तो एका मर्यादेच्या वर लागतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मर्यादा 3,25,000 पौंड आणि दर 40 टक्के, जपानमध्ये वरचा दर 55 टक्के. मी खोटा धीर देणार नाही. ब्रिटनची मर्यादा जशीच्या तशी इथे आणली तर परळ-दादरचे कितीतरी फ्लॅट तिच्या पुढे जातील. घर साडेतीन-चार कोटींचं आणि पेन्शन तीस हजार, अशी माणसं मुंबईतच जास्त. हा खरा पेच आहे आणि कायदा करणाऱ्यांना तो सोडवावा लागेल. पण जो कायदा नाही, त्याची मर्यादा नाही, तारीख नाही, त्याच्यासाठी राहतं घर आज हातचं घालवायचं?

महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. बाकी फी वेगळी. म्हणून लोक भाजी आणायला जावं तसे दुय्यम निबंधकाकडे जाऊन येतात. मागच्या हिवाळ्यात एक आजी आल्या होत्या. कापडी पिशवीतून बक्षीसपत्र काढलं, चार घड्या, वर नोंदणीचा शिक्का. म्हणाल्या, "हे परत कसं घ्यायचं?" सून स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दाद मागता येते, पण सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली असली तर हात बळकट होतात. त्यांच्या दस्तात "प्रेमापोटी" एवढंच होतं. त्यांना वकिलाकडे पाठवलं.

आणि एवढं करून कर वाचतो का? नाही. घर बक्षीस मिळालं काय किंवा मृत्युपत्राने आलं काय, विकताना मुलाला तुमचीच खरेदी किंमत आणि तुमचाच ताबाकाळ धरता येतो. घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन (विकताना खरेदी किमतीऐवजी ते धरता येतं) मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून आताच करून ठेवा. ज्यांना जुने भाव माहीत आहेत ती माणसं कमी होत चालली आहेत.

मग करायचं काय? मृत्युपत्र. साधा कागद, तुमची सही, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून सासऱ्यांच्या नावावर असेल (असेलच!) तर ते आधी. बाकी मसुदा वकिलाला दाखवून.

प्रश्न : हॉटेलातल्या सेमिनारमध्ये फॅमिली ट्रस्टचं पॅकेज सांगितलं. वारसा कर कधीच लागणार नाही अशी हमी देतात. (वाशी)

जो कायदा झालेलाच नाही त्यातून सुटण्याची हमी विकणाऱ्याकडून मी छत्रीही घेणार नाही. ते 200 रुपयांचं शुल्क नातेवाइकांच्या बक्षीसपत्रासाठी आहे, ट्रस्टला गृहीत धरू नका. दिव्यांग अपत्य असेल तर ट्रस्टचा विचार जरूर करा, पण फुकट चहा न देणाऱ्या वकिलाशी बोलून.

प्रश्न : नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. म्हणजे घर माझंच ना? (विलेपार्ले)

नाही. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक ठरतो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. भावंडांशी बोला, मग वकिलाशी.

प्रश्न : बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली जाऊन 500 चौरस फुटांचं घर मिळालं. आता आम्ही श्रीमंतांत मोडतो का? (वरळी)

कागदावर मोडता, पण घराच्या वाढलेल्या किमतीवर ते विकेपर्यंत आयकर नाही. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मुंबईत मालमत्ता कराची सवलत आहे, ती तुम्हाला कशी लागू होते ते वॉर्ड ऑफिसात विचारा. विकायचा विचार आला तर टोकन घेण्याआधी ताबापत्र घेऊन सल्लागाराकडे जा. नंतर नको.

प्रश्न : बायकोला पैसे देऊन तिच्या नावे एफडी केली तर व्याज तिच्या उत्पन्नात? (कांदिवली)

तुमच्याच. हा प्रश्न आता पुरे.

प्रश्न : मृत्युपत्र करायचंय, पण पुढच्या बजेटमध्ये काय येतं ते पाहून करावं म्हणतो. (माहीम)

किती बजेटं पाहिलीत? साक्षीदार म्हणून ज्यांना काही मिळणार नाही असे दोघं शोधा. तुमच्यापेक्षा वयाने लहान.