निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत पहाटे पाणी का सोडतात? थंडीत पाणी म्हणजे उलटंच नाही का?

उलटं वाटतं खरं, पण हात घालून बघा. पहाटे हवा ५-६ अंशांवर असते तेव्हा विहिरीचं पाणी कोमट लागतं, कारण ते सहज २० अंशांच्या वर असतं. एक लिटर पाणी एका अंशाने निवताना १,००० कॅलरी उष्णता सोडतं. तेवढ्याच वजनाची कोरडी माती जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी. शिवाय कोरड्या मातीत कणांमध्ये हवा अडकलेली असते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. ओली माती दिवसाचं ऊन खोलवर मुरवते, रात्री तेच वर सोडते. म्हणून आमच्याकडे संध्याकाळीही पाणी देतात.

शेकोट्यांचं म्हणाल तर बागेत छोट्या छोट्या, जागोजागी पेटवाव्यात. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते, वेली तशाच गारठलेल्या. धुराचं पांघरूण होतं म्हणतात, पण जमिनीतून निसटणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. ओला पालापाचोळा जाळून शेजाऱ्याचे डोळे तेवढे चुरचुरतात.