जमैकन खाणावळीत पहिल्यांदा जाताय?

पहिल्याच खेपेला सगळा मेनू चाखायला जाऊ नका. जर्क चिकन (तिखट मसाला चोळून भाजलेलं), राइस अँड पीज आणि तळलेलं पिकलं प्लँटेन (केळ्याचाच एक प्रकार) पुरे. प्लँटेनच्या गोडव्याने तिखट आवरतं. इथले ‘पीज’ म्हणजे वाटाणे नव्हेत, नारळाच्या दुधात भातासोबत शिजवलेला राजमा.

नवखे हमखास इथे फसतात:

- ताटात अख्खी स्कॉच बॉनेट मिरची आली तर फोडू नका, अलगद बाजूला काढा. दिसते गोंडस, पण आपल्या लवंगीची थोरली बहीण आहे.
- ऑक्सटेल म्हणजे बीफ. चालत नसेल तर भात वाढण्याआधीच ‘ग्रेव्ही नको’ म्हणा. बरेचदा त्याचाच रस्सा न विचारता भातावर ओततात.
- करी गोटमध्ये बारीक हाडं असतात. सावकाश.

शाकाहारी असाल तर ‘आयटल’ विचारा. रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या पद्धतीचं जेवण, बहुधा अळणीच.