विचारल्याशिवाय इंट्राकॅथ काढायची नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आहे. चोपडा तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात नाईट करते. गेल्या आठवड्यात रात्री दोनला एका सत्तरीच्या आजींच्या डाव्या मनगटावर इंट्राकॅथची (सलाईनसाठी शिरेत घालून ठेवतात त्या बारीक नळीची) जागा लाल दिसली. हात लावला की आजी कळवळायच्या. पोटॅशियम घातलेलं सलाईन चालू होतं. आमच्या सरांची ताकीद आहे, ‘मला विचारल्याशिवाय इंट्राकॅथ काढायची नाही. रोज नवी सुई टोचली की नातेवाईक भांडतात.’ एवढ्या रात्री फोन कसा करायचा म्हणून मी केला नाही. जुनी काढली, उजव्या हाताला नवी घातली. सकाळी राउंडला सरांनी नातेवाइकांसमोर झापलं. माझं चुकलं का?
– एक स्टाफ नर्स

उत्तर : काढलीस ते बरोबर केलंस. फोन केला नाहीस ते चुकलं. आणि पत्रात नोंदीबद्दल अक्षर नाही, म्हणजे केस पेपरवरही काही लिहिलं नसशील असं मला वाटतं. सरांच्या तावडीत सापडलीस ती तिथे.

याच्या उलट चूक मी केलेली आहे. तीसेक वर्षांपूर्वीचा मे महिना. रावेरकडचा, केळीच्या बागेत राबणारा मजूर, उलट्या-जुलाबांनी गळून गेलेला. तेव्हा आमच्याकडे स्कॅल्प व्हेनची सुई असायची आणि हात पुठ्ठ्याला चिकटपट्टीने बांधलेला. पाचशेच्या बाटलीत पोटॅशियमच्या दोन अँप्युल. मध्यरात्री तो म्हणाला, “माय व, हात जयी ऱ्हायना.” हात जळतोय म्हणे. पाहिलं तर हाताची पाठ फुगलेली, बोटाला गार लागणारी. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालू ठेवा, सकाळी बघू. ऑर्डर ती ऑर्डर! मी थेंब जरा कमी केले आणि पुढच्या खाटेकडे गेले. सकाळी फोड आले, मग कातडी काळी पडली. महिनाभर ड्रेसिंग चाललं, तेवढी त्याची मजुरी बुडाली. डॉक्टरांनी तो हात पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता.

औषध कोणतं, किती, किती वेगाने, हे डॉक्टर ठरवतात. (तरी पाचशेच्या बाटलीत दोन अँप्युल आज कुणी लिहिल्या तर परत विचारायचं. मनगटाच्या शिरेतून एकच, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, आणि तीही दोन तासांच्या आत संपवायची नाही.) पण ते औषध जिथून शिरतंय तिथे डोळे आणि बोटं रात्रभर आपलीच असतात. दुखणं, लाली, सूज, यांतली दोन दिसली की जागा बदलायची. शीर दोरीसारखी हाताला लागली तर उशीरच झाला म्हण. ते औषध थांबवायला परवानगी लागत नाही, पण थांबवलं हे लगेच कळवावं लागतं. आजींचं पोटॅशियम मधे किती वेळ तुटलं, त्याने पुढे काय करायचं, हा हिशोब सरांनी करायचा असतो. त्यांना कळलंच नाही तर ते कशाचा करणार? आणि हे सगळं हातातल्या साध्या इंट्राकॅथबद्दल. गळ्यातली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत खोल घातलेली नळी) ऑर्डरशिवाय काढायला जाऊ नकोस.

फोन करताना “सर, डिस्टर्ब करते, सॉरी” असं सुरू करू नकोस. समोरचा तिथेच वैतागतो. सरळ सांग : “सात नंबरच्या आजी. डावं मनगट लाल आहे, दुखतंय. पोटॅशियम थांबवलंय. उजव्या हाताला २२ नंबरची घालतेय, घातली की तेच सलाईन चालू करू ना?” अर्ध्या मिनिटात होतं. मग वेळ, जागा, काय दिसलं, कुणाला कळवलं, ते काय म्हणाले, हे त्याच कागदावर लिही. फोन उचलला नाही तर तेही लिही, आणि वेळेसकट. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आपल्या नावावर आहे, सरांच्या नाही.

सरांचंही अगदीच चूक नाही हं. आम्ही ७२ तास झाले की चांगली चाललेली इंट्राकॅथसुद्धा उपटायचो. म्हाताऱ्या माणसाच्या शिरा संपवल्या आम्ही अशा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर तुलना झाली, २०१२ साली छापून आली. काहींची ठरल्या दिवशी बदलली, काहींची गरज दिसली तेव्हाच. शिरेचा दाह दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे घड्याळाकडे नाही, हाताकडे बघायचं, आणि दर पाळीला बघायचं. फक्त १०८ मध्ये घाईगर्दीत लावलेली असेल तर ती ४८ तासांच्या आत बदल. तिथे हात कसे धुतले असतील कोण जाणे. आणि गोळ्या सुरू झाल्यावरही ‘सलाईनने ताकद येते’ म्हणून नातेवाईक ती हातात राहू द्या म्हणतात, त्यांच्या पाहुणचारासाठी ठेवू नकोस.

एक मात्र : मनगट वाकतं, म्हणून ती जागाच वाईट. शीर मिळत असेल तर कोपराच्या खाली हाताच्या मधल्या भागात शोध.

झापायचंच होतं तर सरांनी केबिनमध्ये झापायचं होतं. तू केबिनमध्येच जाऊन बोल. “सर, एवढं दिसलं की मी काढीन आणि कळवीन, हे इन्चार्ज सिस्टरच्या वहीत लिहून सही करून द्या,” म्हण. तोंडी परवानगी आणि तोंडी ताकीद दोन्ही राउंड संपला की विरतात.

आजींचा डावा हात आता कसा आहे, ते लिहिलं नाहीस. कळव.