ताप आला तर खोलीत एकटं पडून राहू नका

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताप आला की मैत्रिणी जवळच्या गोळ्या देतात. घरी कळवलं तर आईबाबा शेतातलं काम टाकून धावत येतील, म्हणून मी सांगतच नाही. दवाखान्यात जायला किती दिवस थांबावं?

उत्तर : घरी लगेच कळवणं जमत नसेल तर निदान रूममेटला आणि वॉर्डन मॅडमना त्याच दिवशी सांग. फणफणलेल्या पोरीला रात्री दोनला बाथरूममध्ये चक्कर येते आणि खोलीतल्या बाकीच्या गावी गेलेल्या असतात, खरी भीती याची आहे.

चौघींनी मिळून एक डिजिटल थर्मामीटर घ्या. 100.4 किंवा त्याच्या वर आकडा आला तर ताप समजायचा. वहीच्या मागच्या पानावर वेळ, ताप, घेतलेली गोळी आणि लघवी किती वेळा झाली ते लिहीत जा. डॉक्टर हेच विचारतात, आणि तापात ते आठवत नाही.

गोळी फक्त पॅरासिटामॉल. वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असेल तर 500 मिलिग्रॅमची एक, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. लिव्हरचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचार. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही घेतल्या तर नकळत डोस दुप्पट होतो आणि लिव्हरवर भार येतो, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचायचीच. अंग ठणकतं म्हणून मैत्रीण आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन देत असेल तर घेऊ नको. डेंग्यू निघाला तर यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

दोन दिवसांत ताप उतरला नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठ. थंडी वाजून ताप येत असेल तर तेवढंही थांबू नको, मलेरियासाठी रक्त तिथेच तपासतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैसे नाहीत म्हणून अंगावर काढू नको. डेंग्यूची एनएस-1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत जास्त भरवशाची असते, त्यामुळे उशीर केला की तीही हातची जाते.

डेंग्यूत मुलं फसतात ती ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप गेला, बरं वाटलं म्हणून पोरगी मेसला जाते, आणि नेमका तोच काळ नाजूक असतो. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा तगमग, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन लावा. दुचाकीवर दोघींच्या मध्ये बसवून नेऊ नका.

आणखी एक. हॉस्टेलच्या कूलरच्या टाकीत पावसाळाभर पाणी तसंच साचून राहतं. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेलगत. नुसतं पाणी ओतून टाकून चालत नाही. आठवड्यातून एकदा भिंती काथ्याने घासून टाकी कोरडी करायची.

प्रश्न : माझा रूममेट दिवाळीच्या सुट्टीत घरी कापूस वेचायला गेला होता. परत आल्यावर आठवड्याने ताप भरला, आज सहावा दिवस. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन दोन सलाईन लावल्या, तरी ताप हटत नाही. अजून एक सलाईन लावावी का?

उत्तर : नको. साध्या सलाईनच्या 500 मिलिलिटर बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. त्यात ताकद नाही आणि तापावरचं औषधही नाही. तोंडाने पाणी जात असेल तर ओआरएस पुरे. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. ग्लासभर पाण्यात ओतलं तर मीठ जास्त होऊन उलटी-जुलाब वाढतात.

आज संध्याकाळी त्याचं अंग नीट पाहा. काख, जांघ, कमरेचा नाडा बांधतो ती रेघ, गुडघ्यामागे, कानामागे. बिडीचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी, भोवती लाल कडा असलेली काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसचा दाट संशय घ्यायचा. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो, आणि ताप यायला साधारण सहा ते एकवीस दिवस लागतात. तुझ्या मित्राचा हिशेब त्यात बसतो. 2018 मध्ये नागपूर भागात याचे बरेच रुग्ण निघाले होते. मात्र खपली सगळ्यांना येत नाही. ती नसली तरी डॉक्टरांना "शेतात, गवतात काम केलं" हे वाक्य सांगायचंच.

नेहमी दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स यावर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालतं. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचं, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. सहा दिवस झालेत, उद्याची वाट पाहू नका. दम लागत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर थेट जिल्हा रुग्णालय.

प्रश्न : मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आईबाबा दोघांकडून आलेला. गडचिरोलीहून यंदा पहिल्यांदाच बाहेर कॉलेजला आले. कोणाला सांगितलं तर वेगळं वागवतील असं वाटतं.

उत्तर : सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. वॉर्डन, खेळाचे सर आणि एक भरवशाची मैत्रीण, एवढ्यांना मात्र सांगच. 101 ताप तुझ्यासाठी साधा नाही. सिकलसेलमध्ये प्लीहा (जंतूंना अडवणारा पोटातला अवयव) नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर रात्रीसुद्धा. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, उन्हाळ्यात बाटली वर्गातही सोबत ठेव. हातपाय ठणकले तर शेक चालतो, बर्फ लावायचा नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध सुरू असेल तर सुट्टीत घरी जाताना गोळ्या मोजून बरोबर घे. सिकलसेलच्या कार्डाचा आणि चालू औषधांच्या चिठ्ठीचा फोटो त्या मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये आजच ठेव.